इंटेलच्या सर्व्हरवर आर्मचा कंटेनर

सकाळी ९:३०
बिल्ड सर्व्हर रात्री रीबूट झालाय, आणि आर्म६४चा कंटेनर सुरूच होत नाही: 'एक्झेक फॉरमॅट एरर'. सर्व्हर इंटेलचा, आमचं सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय ४ साठीचं. आर्मच्या सूचनांचं इंटेलसाठी भाषांतर करणाऱ्या क्यूएमूची कर्नलकडची नोंद रीबूटमध्ये पुसली गेली. ती करून देणारा कंटेनर प्रिव्हिलेज्ड मोडमध्ये चालवला.

१०:१५
नवीन सहकारी विचारते, "इमेजमध्ये क्यूएमू नाहीच, मग हे चालवतं कोण?" इतका नेमका प्रश्न आला की कामं बाजूला ठेवावीत. टर्मिनल उघडून तिला प्रोग्रॅमच्या फाइलचे पहिले बाइट दाखवले. शून्यापासून मोजलं तर १८व्या बाइटवर प्रोसेसरचा क्रमांक असतो: इंटेलचा ६२, आर्म६४चा १८३. १८३ दिसला की कर्नलचं बिनफमट-मिस्क ती फाइल क्यूएमूच्या हाती देतं. नोंद 'एफ' फ्लॅगने केली असेल, तर कर्नल क्यूएमू नोंदीच्या वेळीच उघडून ठेवतो. म्हणून तो कंटेनरमध्ये असावा लागत नाही. लिनक्स ४.८ पासूनची ही सोय. भाषांतर होतं ते प्रोग्रॅमच्या सूचनांचं. सिस्टिम कॉल इंटेलच्याच कर्नलकडे जातात. तिने 'यूनेम' चालवून पाहिलं: प्रोसेसर आर्मचा, कर्नलची आवृत्ती आमच्या सर्व्हरची.

१२:००
सी++ चं बिल्ड रांगतंय, कारण कंपायलरही आर्मचा आणि त्याची प्रत्येक सूचना भाषांतरातून जाते. डॉकरफाइलमधला कंपाइलचा टप्पा इंटेलवरच ठेवून क्रॉस-कंपायलर लावला; फक्त शेवटचा टप्पा आर्मचा. इम्युलेशनवर कंपाइल करणं म्हणजे मशीनचा आणि माणसांचा वेळ जाळणं, असं माझं ठाम मत आहे.

१:३०
जेवण.

२:३०
इम्युलेशनवर सगळ्या टेस्ट पास. लायब्ररी, पाथ, पॅकेज यांच्या चुका इथेच सापडतात, आणि त्यासाठी क्यूएमूसारखं साधन नाही.

४:३०
तीच इमेज खऱ्या पायवर, आणि दोन थ्रेडमधल्या क्यूची टेस्ट मधूनच फेल होते. इंटेल मेमरीतल्या लेखनांचा क्रम पाळतो. आर्मवर ती हमी नाही. आर्मचा कोड इंटेलवर भाषांतरित झाला की त्याला इंटेलची शिस्त आयती मिळते आणि असा दोष झाकला जातो. म्हणून पायवर चालवल्याशिवाय मी रिलीजला होकार देत नाही.

६:१५
क्यूमधला 'रिलॅक्स्ड' मेमरी-क्रम काढून लिहिताना 'रिलीज', वाचताना 'अक्वायर' केलं. पायवर टेस्ट पुन्हा पुन्हा चालवली, टिकली. दोन्ही प्रोसेसरच्या इमेज एकाच टॅगखाली रजिस्ट्रीत चढवल्या.