कूलरचा सीझन आणि वेल्डिंगवाल्याचे डोळे



होळी जवळ आली की नागपुरात कूलरचा सीझन सुरू होतो. इतवारीच्या लोहाओळीतून अँगल-पट्ट्या निघतात आणि कामठी रोडपासून हिंगण्यापर्यंत छोट्या-मोठ्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत स्टँडचं वेल्डिंग चालतं. या दुकानांत आपल्याच वस्त्यांतली पोरं राबतात. आज त्यांच्या डोळ्यांविषयी बोलायचं आहे.

दोन उन्हाळ्यांपूर्वी रात्री दोनच्या सुमारास वस्तीतली एक आई तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला धरून माझ्या दारात आली. "ताई, डोळ्यात रेती टाकल्यावानी होऊन राहिलं, डोळेच उघडत नाहीत," तो कण्हत होता. दिवसभर तो मिस्त्रीसाठी अँगल धरून बसला होता. मिस्त्रीच्या हातात काच होती, याच्या हातात काहीच नव्हतं. "मी तर तोंड फिरवत होतो ना," तो म्हणाला.

वेल्डिंगच्या ठिणगीतून डोळे दिपवणारा उजेड तर निघतोच, पण न दिसणारे अतिनील किरणही निघतात. उन्हात कातडी भाजते तसा हे किरण डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, भाजतात. भाजताना काहीच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुतेक रात्री झोपेत, त्रास सुरू होतो. रेती गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. पारपटलाचा वरचा थर पुन्हा तयार होतो, म्हणून एक-दोन दिवसांत आराम पडतो. त्यामुळेच "काही नाही होत, सवय झाली" असं सगळे म्हणतात. पण डोळ्याला या किरणांची सवय होत नाही. वर्षानुवर्षं मारा होत राहिला तर डोळ्यावर मांस वाढणं, मोतीबिंदू होणं यांचा धोका वाढतो. उघड्या डोळ्यांनी ज्योतीकडे टक लावून पाहिलं तर आतला पडदा जळू शकतो, आणि ती नजर परत येईलच असं नाही.

तो मुलगा दोन दिवसांत बरा झाला. घात पुढे झाला. पुन्हा झळ लागली तेव्हा कुणीतरी त्याला डोळा सुन्न करणारा ड्रॉप आणून दिला. दुखणं पाच मिनिटांत थांबलं. मग तो ड्रॉप खिशातच राहू लागला. थेंब टाकायचे आणि कामाला बसायचं. हा ड्रॉप तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी वापरायचा असतो. वारंवार टाकला तर जखम भरतच नाही. त्याच्या उजव्या पारपटलावर व्रण झाला, तिथे पांढरा डाग राहिला आणि त्या डोळ्याची नजर कायमची अधू झाली. पहिल्या रात्री मी त्याला "बरा होशील" म्हटलं, पण काचेबद्दल ठणकावून सांगितलं नाही. ती खंत मनात आहे, म्हणून हे लिहिते आहे.

झळ लागली तर अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडा. पापण्यांवर स्वच्छ पाण्याची गार पट्टी ठेवा, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्या. डोळे चोळू नका. बटाट्याची चकती, बाळंतिणीचं दूध, गुलाबपाणी काहीही घालू नका. सुन्न करणारा किंवा स्टिरॉइडचा ड्रॉप स्वतःच्या मनाने टाकू नका. एका दिवसात आराम पडला नाही, नजर धूसर झाली, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा ग्राइंडरचा कण घुसला, तर मेडिकल किंवा मेयोच्या नेत्रविभागात जा. रुतलेला कण घरी काढू नका, डोळा दाबूही नका.

त्रास टाळणं अवघड नाही. साध्या रॉडच्या वेल्डिंगला 10 किंवा 11 नंबरची काळी काच लागते. उन्हाचा गॉगल चालत नाही. मिस्त्रीइतकीच हेल्परलाही काच हवी, कारण झळ बाजूनेही येते आणि पांढऱ्या भिंतीवरून परतूनही येते. ग्राइंडिंगला साधा पारदर्शक चष्मा लावा. रस्त्याच्या बाजूला ताडपत्री किंवा पत्रा उभा करा, कारण शाळेतून येणारी लेकरं तिथेच थांबून बघतात. हातात धरायची काच हेल्परच्या एका दिवसाच्या रोजीपेक्षा स्वस्त मिळते.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराच्या कामाचे तास आणि त्याचं आरोग्य हा कायद्याचा विषय आहे, हे त्यांनी ठामपणे मांडलं. पुढे 1948 च्या कारखाने कायद्यात 35 वं कलम खास डोळ्यांच्या रक्षणासाठी आलं. उडणारे कण आणि अतितीव्र उजेड यांपासून बचावासाठी पडदे किंवा गॉगल देण्याची तरतूद त्यात केली गेली. पण तीन-चार माणसांचं दुकान कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही, आणि आपली पोरं नेमकी तिथेच असतात.

म्हणून विहार समित्यांना माझी विनंती आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर वस्तीत वेल्डिंगचं काम करणाऱ्यांची यादी करा. वर्गणीतून प्रत्येक हेल्परसाठी एक काच घ्या. वर्षातून एकदा त्यांचे डोळे तपासून घ्या. करुणा अशा कामातूनच दिसते.

आणि मायबहिणींनो, उद्या सकाळी मुलगा डबा घेऊन निघाला की त्याला एवढंच विचारा, "काच घेतली का रे?"

जय भीम! नमो बुद्धाय!