पाणवठ्याचा हक्क : कायद्यात आणि गावात

उन्हाळा लागला की आपल्या वाशिम जिल्ह्यात विहिरी तळाला जातात, हापशा कोरड्या पडतात आणि पाणवठ्यावर शब्दाला शब्द लागतो. अशा वेळी जात केव्हा डोके वर काढील याचा नेम नसतो. म्हणूनच या स्मरणिकेच्या वाचकांसमोर पाण्याच्या हक्काचा कायदा सोप्या भाषेत मांडावा, असे आम्हांस वाटले.

२०१६ च्या मे महिन्यात आपल्या जिल्ह्यातील एक बातमी देशभर गाजली. मालेगाव तालुक्यातील एका गावी एका दलित मजुराच्या पत्नीला दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही. त्या गृहस्थांनी तालुक्याच्या गावी जाऊन अवजारे आणली आणि रोजची मजुरी सांभाळून ४० दिवस एकट्याने खोदकाम करून विहिरीला पाणी लावले. सुरुवातीला लोक त्यांना हसले. पुढे वस्तीतील लोक त्याच विहिरीचे पाणी भरू लागले. पाणी नाकारणाऱ्याचे नाव मात्र त्यांनी कोणाला सांगितले नाही. गावात वैर वाढू नये, अशी त्यांची भूमिका होती.

त्यांच्या जिद्दीचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते योग्यच होते. परंतु विचार करणाऱ्या माणसाला एक प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. जातीवरून पाणी नाकारणे हा ज्या देशात गुन्हा आहे, तेथे एका मजुराला पोलीस ठाण्याच्या वाटेपेक्षा खडक फोडणे सोपे का वाटावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू.

कायद्यातील तरतुदी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शासनाच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या किंवा सर्व जनतेसाठी खुल्या केलेल्या पाणवठ्यावर जात, धर्म, वंश, लिंग वा जन्मस्थान या कारणावरून कोणालाही मज्जाव करता येत नाही.

या हक्कास शिक्षेचे बळ देणारा पहिला केंद्रीय कायदा १९५५ साली झाला. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो. नदी, झरा, विहीर, टाके, नळ, घाट असे सर्व पाणवठे त्याच्या कलम ४ मध्ये येतात. शिक्षा १ ते ६ महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड एवढीच आहे. मात्र कलम १२ फार महत्त्वाचे आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले, असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे दाखविण्याची जबाबदारी आरोपीवर येते.

दुसरा कायदा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो म्हणजे १९८९ चा अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, अर्थात अ‍ॅट्रॉसिटी कायदा. तो ३० जानेवारी १९९० पासून अंमलात आला. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि तिच्यामुळे विहीर, तलाव, नळ वा अन्य पाणवठा वापरण्यास अडथळा करणे हा या कायद्याखालीही स्वतंत्र गुन्हा ठरला. त्याला ६ महिने ते ५ वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. म्हणजे मालेगाव तालुक्यातील ती विहीर खोदली गेली, त्याच वर्षी ही तरतूद अंमलात आली होती.

विहीर कोणाची, हा पहिला प्रश्न

पाणवठ्याच्या प्रत्येक वादात समोरचा पक्ष बहुधा एकच बचाव घेतो : ‘विहीर आमची खाजगी आहे.’ हा बचाव नवा नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, हे आपल्या घरातील लहान मुलेही जाणतात. पण त्यानंतर चाललेल्या खटल्याची माहिती फार थोड्यांना असते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही स्पृश्य मंडळींनी बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दिवाणी दावा लावला. तळे सार्वजनिक नाही आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. बाबासाहेबांनी डिसेंबरच्या परिषदेत तो हुकूम पाळला आणि लढा न्यायालयात नेला. तळे नगरपालिकेकडे असल्याचे कागदोपत्री दिसून आले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी दिला. म्हणजे पाण्याला हात लावल्यापासून निकाल हाती येईपर्यंत १० वर्षे गेली.

या खटल्यापासून आजही घेण्यासारखा धडा असा की, तोंडी वादापेक्षा नोंद मोठी असते. पिण्याच्या पाण्याची विहीर शासनाच्या पैशातून झाली, पण ती कोणाच्या शेतात असून दानपत्र झालेले नसेल, तर काही वर्षांनी ती खाजगी म्हणून सांगितली जाण्याचा धोका असतो. म्हणून आपल्या गावातील प्रत्येक विहीर, हापशी, टाकी व नळयोजना ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत आहे काय, सातबाऱ्यावर तिची नोंद कशी आहे, हे आधीच पाहून ठेवावे. माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या अर्जावर ही माहिती मागता येते आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

विहीर खरोखरच खाजगी असेल, तर पाणी मिळविण्याचा हक्क वादाचा होतो, हे मान्य केले पाहिजे. पण मालकी हा जातीवरून अपमान करण्याचा परवाना नव्हे. लोकांच्या नजरेसमोर जातीवाचक शिवीगाळ वा हेतुपुरस्सर अपमान केल्यास अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३ लागू पडते. अस्पृश्यतेच्या कारणावरून केलेला अपमान नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ७ खालीही गुन्हा आहे.

तक्रार कशी द्यावी

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ठाणे अंमलदाराने नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

याच नव्या संहितेत काही गुन्ह्यांसाठी १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या बाबतीत मात्र कलम १८-अ असे सांगते की, गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. या कलमामागे इतिहास आहे. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात अशी चौकशी आणि अटकेपूर्वी वरिष्ठांची मंजुरी यांबाबत निर्देश दिले होते. त्यानंतर त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून कलम १८-अ घातले. १० फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानेच ती दुरुस्ती वैध ठरविली. ‘आधी चौकशी करू, मग बघू’ असे कोणी म्हणाल्यास हे कलम नम्रपणे दाखवावे. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा आणि ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल करावयाचे, असा नियम आहे.

येथे आपल्या समाजाच्या दृष्टीने एक बाब विशेष नमूद करणे अगत्याचे आहे. या कायद्याचा आधार घेण्यासाठी तक्रारदार अनुसूचित जातीचा असल्याचे सिद्ध करावे लागते. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. तेव्हा धर्मांतरामुळे हे संरक्षण गेले, असा गैरसमज कोणी बाळगू नये. परंतु जातीचा दाखला विहित नमुन्यात असला पाहिजे. केवळ ‘बौद्ध’ एवढीच नोंद असेल तर ऐनवेळी अडचण येते. दाखला घरात तयार असू द्यावा.

खरी अडचण

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मजूर ज्याच्या शेतात कामाला जातो, त्याच्याविरुद्ध किंवा त्याच्या भावकीविरुद्ध त्याला फिर्याद द्यावी लागते. फिर्याद दिली त्या दिवसापासून कामाला बोलावणे बंद होते. बायको-मुलांना त्याच रस्त्याने जावे लागते. साक्षीदारही त्याच गावचे. कलम १५-अ ने फिर्यादी व साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि प्रत्येक कामकाजाची सूचना मिळण्याचा हक्क दिला आहे खरा, पण तो मागणारा कोणीतरी असावा लागतो. महाडचा खटला ९ वर्षांहून अधिक काळ चालला तरी बाबासाहेब मागे हटले नाहीत आणि त्यांच्या पाठीशी समाज उभा होता. एकट्या मजुराने ते ओझे उचलावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

म्हणून आमची सूचना आहे की, प्रत्येक विहाराने व मंडळाने तालुकावार दोन-तीन जाणत्या माणसांची समिती नेमावी. त्यांत एक तरी महिला असावी, कारण पाणवठ्यावर जाते ती बहुधा बाईच. या समितीने पाणवठ्यांच्या नोंदींच्या प्रती जमा कराव्यात, फिर्यादीसोबत पोलीस ठाण्यात जावे, तारखांना हजर राहावे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीकडे प्रलंबित प्रकरणे लेखी मांडावीत. त्या समितीची बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा व्हावी, असा नियमच आहे. कामावाचून बसलेल्या फिर्यादीच्या घरी धान्य पोचविण्याची व्यवस्थाही याच समितीने करावी. वर्गणीतून होणाऱ्या खर्चात याहून मोठे धम्मकार्य दुसरे कोणते असेल, असे आम्हांस वाटत नाही.