रंगमंचावरील संगणकीय ध्वनियंत्रणेची विश्वासार्हता : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

पिंपरी-चिंचवड व चाकण हा परिसर प्रामुख्याने कारखान्यांसाठी ओळखला जातो. तथापि चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरातील आचार्य अत्रे रंगमंदिर आणि भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह ही नावे ज्यांना परिचित आहेत, त्यांना या परिसराची दुसरी ओळख सांगण्याची गरज नाही. २०१६ साली ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले आणि जानेवारी २०२४ मध्ये शंभराव्या नाट्यसंमेलनाचा सोहळाही येथे झाला. मोठ्या सोहळ्यांचे ध्वनिसंयोजन व्यावसायिकांच्या हाती असते. महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, कामगार मंडळाचा कार्यक्रम, एकांकिका स्पर्धा येथे मात्र एक लॅपटॉप, त्याला जोडलेला ऑडिओ इंटरफेस आणि त्यामागे बसलेला एखादा विद्यार्थी एवढ्यावरच सारी भिस्त असते. ही यंत्रणा ऐनवेळी का बंद पडते आणि तिची विश्वासार्हता कोणत्या गोष्टींवर अवलंबून असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

या लेखनास एक प्रसंग निमित्त झाला. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एका नृत्यनाट्याच्या मध्यावर ध्वनी प्रथम तडतडू लागला व नंतर पूर्णपणे थांबला. संगणकप्रणाली पुन्हा सुरू होईपर्यंत मंचावरील विद्यार्थिनी निःशब्द उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या समितीच्या बैठकीत 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' अशी नोंद झाली. ऑपरेटर हा द्वितीय वर्षाचा विद्यार्थी होता. त्या बैठकीस प्रस्तुत लेखक उपस्थित होता आणि त्या वेळी त्यानेही हरकत घेतली नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

बफर म्हणजे काय? :

इंटरफेसचे कार्य दुहेरी असते. माइकमधून येणाऱ्या विद्युत्संकेताचे तो अंकांत रूपांतर करतो आणि संगणकाकडून आलेल्या अंकांचे पुन्हा विद्युत्संकेतात. सर्वसाधारणपणे सेकंदाला ४८,००० नमुने या गतीने हे काम चालते. २४ बिटांचा एक नमुना धरल्यास एका वाहिनीसाठी सेकंदाला सुमारे ११.५ लाख बिट लागतात. २००० साली आलेल्या यूएसबी २.० ची क्षमता सेकंदाला ४८ कोटी बिटांची आहे. म्हणजे रस्ता पुरेसा रुंद आहे. अडचण येते ती वेळेवर पोहोचण्याची.

संगणक नमुने एकेक करून पाठवीत नाही. तो त्यांचे गठ्ठे पाठवितो. या गठ्ठ्यास बफर म्हणतात. ६४ नमुन्यांचा बफर असेल तर संगणकाला पुढचा गठ्ठा तयार करण्यासाठी १.३३ मिलिसेकंद मिळतात. ५१२ चा असेल तर १०.६७. या अवधीत वाय-फायचा ड्रायव्हर, विषाणुरोधक प्रणाली किंवा पार्श्वभूमीवर चाललेले अद्ययावतीकरण यांपैकी कोणीही प्रोसेसर क्षणभर अडवून धरला की गठ्ठा उशिरा येतो आणि श्रोत्याला 'टक्' असा आवाज ऐकू येतो. यूएसबीवर ध्वनी ज्या पद्धतीने वाहतो तीत वेळ राखून ठेवलेली असते, परंतु चुकलेला गठ्ठा पुन्हा मागविण्याची सोय नसते. ईमेल दोन सेकंद उशिरा पोहोचला तरी बिघडत नाही. तबल्याच्या ठेक्याला ती सवलत नाही.

मग बफर नेहमीच मोठा का ठेवू नये? कारण बफर वाढला की विलंब वाढतो. गायकाचा आवाज संगणकात जाऊन, प्रक्रिया होऊन, परत बाहेर यायचा असेल तर हा विलंब दोन्ही दिशांनी मोजावा लागतो. २५६ नमुन्यांवर तो केवळ बफरमुळेच सुमारे १०.७ मिलिसेकंद होतो. रूपांतराचा वेळ निराळा. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, हे ध्यानी घेतल्यास हा विलंब साडेतीन मीटर दूर बसलेल्या साथीदाराचे वाद्य ऐकण्यासारखा आहे. मैफिलीत एवढे अंतर कलावंत सहज सांभाळून घेतात. परंतु हेडफोनवर स्वतःचाच आवाज उशिरा ऐकणे त्रासदायक ठरते.

येथे एक भेद सहसा दुर्लक्षिला जातो. आगाऊ मुद्रित केलेले पार्श्वसंगीत नुसते वाजवायचे असेल, तर विलंबाचा प्रश्नच उद्भवत नाही. संगीत १० मिलिसेकंद उशिरा सुरू झाले तर कोणाच्या ध्यानात येणार? आमच्या कार्यक्रमात सर्व माइक थेट मिक्सरला जोडले होते आणि संगणकातून केवळ ध्वनिफिती वाजत होत्या. तरीही बफर ६४ वर होता, कारण तो विद्यार्थी घरी गिटार मुद्रित करताना तीच मांडणी वापरीत असे. ज्या चपळाईची गरजच नव्हती तिच्यासाठी स्थैर्य पणास लागले होते आणि हे त्यास सांगणारे आमच्यापैकी कोणी नव्हते.

कारखान्यातील पद्धती रंगमंचावर :

चाकणमधील एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्याशी या प्रसंगाविषयी बोलणे झाले. वाहन उद्योगात संभाव्य बिघाडांचे विश्लेषण करण्याची 'एफएमईए' ही पद्धती सर्वत्र रूढ आहे. प्रत्येक संभाव्य बिघाडास तीव्रता, वारंवारता आणि आधी लक्षात येण्यातील अवघडपणा या तीन निकषांवर १ ते १० गुण देऊन त्यांचा गुणाकार करावयाचा, ही तिची जुनी रीत. केवळ गुणाकारामुळे गंभीर बाब दडून राहू शकते म्हणून २०१९ च्या सुधारित पुस्तिकेत गुणाकाराऐवजी कृतीचा अग्रक्रम ठरविण्याची रीत स्वीकारण्यात आली, असे त्याने आवर्जून सांगितले. आमच्या कामास जुनी रीत पुरेशी होती.

आम्ही दोघांनी कागदावर अंदाज मांडले. इंटरफेस स्वतःच नादुरुस्त होणे : तीव्रता ९, वारंवारता २, अवघडपणा ५, गुणाकार ९०. लॅपटॉपचा चार्जर कोणीतरी काढून घेणे : तीव्रता ९, वारंवारता ६, अवघडपणा ८, गुणाकार ४३२. हे आकडे आमचे आहेत, त्यांस मोजमापाचा आधार नाही. तरीही ते मांडताना जे आठवले ते महत्त्वाचे होते. त्या संध्याकाळी छायाचित्रणाचा दिवा लावण्यासाठी कोणीतरी एक्स्टेंशन बोर्डावरील एक पिन काढली होती. लॅपटॉप बॅटरीवर गेला. ऊर्जाबचतीच्या मांडणीने प्रोसेसरची गती उतरविली. ६४ चा बफर पुरा पडेना. नंतर घरी त्याच लॅपटॉपवर हा क्रम पुन्हा घडवून पाहिला असता दर वेळी तीच तडतड ऐकू आली. इंटरफेस निर्दोष होता.

एकापुढे एक जोडलेल्या घटकांची विश्वासार्हता गुणाकाराने कमी होत जाते, हे अभियांत्रिकीतील प्राथमिक सूत्र आहे. लॅपटॉप, त्याची कार्यप्रणाली, वादनाची प्रणाली, केबल, इंटरफेस आणि वीज हे सहा दुवे प्रत्येकी ९९ टक्के भरवशाचे मानले तरी संपूर्ण साखळी ९४ टक्क्यांवर येते. अशाच दोन साखळ्या समांतर ठेवल्या तर दोन्ही एकदम तुटण्याची शक्यता हजारात चारच्याही खाली जाते. मात्र त्या खरोखर परस्परांपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. दोन लॅपटॉप एकाच बोर्डावर लावले तर पिन काढणारा माणूस दोन्हींचा निकाल लावतो. व्यावसायिक मैफिलींत मुख्य संगणकाकडून येणारा एक खुणेचा स्वर थांबताच दुसऱ्या संगणकावर आपोआप वळणारी उपकरणे वापरतात. महाविद्यालयास ती परवडणार नाहीत. मिक्सरच्या रिकाम्या वाहिनीस जोडलेला, 'विमान' स्थितीत ठेवलेला आणि तीच ध्वनिफीत सोबत चालविणारा एक मोबाइल हे काम बऱ्याच अंशी करतो. वाहिनीचा फेडर खाली ठेवावा. प्रसंगी वर करावा. थोडी ताल-चूक होईल, पण शांतता होणार नाही.

वीज, भूसंपर्क आणि केबल :

या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा साप्ताहिक सुटीचा वार. म्हणून अनेक कार्यक्रम गुरुवारी ठेवले जातात आणि देखभालीसाठी वीजपुरवठाही त्याच दिवशी खंडित केला जातो. जनरेटर सुरू होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, परंतु स्वतंत्र विजेवर चालणारा इंटरफेस बंद पडतो व वादनप्रणालीस तो सापडेनासा होतो. वीज आल्यावर ध्वनिवर्धक काही क्षणांत सज्ज होतात; प्रणालीला मात्र उपकरण पुन्हा निवडून द्यावे लागते. मिक्सर व इंटरफेस एका लहान यूपीएसवर ठेवणे हा सोपा उपाय आहे. खुल्या मैदानावर हा वेळ अधिकच महाग पडतो, कारण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर तेथे ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात.

लॅपटॉपचा चार्जर जोडताच येणारी घरघर ही दुसरी नित्याची तक्रार. मिक्सर आणि लॅपटॉप निरनिराळ्या ठिकाणच्या भूसंपर्कास जोडले गेले की त्या दोहोंमध्ये वर्तुळ तयार होते व ५० हर्ट्झचा गुणगुणाट शिरतो. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावरून चालविणे किंवा मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावणे हे योग्य उपाय होत. काही जण थ्री पिनमधील अर्थिंगची पिनच काढून टाकतात. घरघर थांबते हे खरे. पण धातूचा माइक हाती धरणाऱ्या गायकाच्या जिवाशी हा खेळ आहे आणि असे करणाऱ्यास काम देऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

केबलविषयी एवढेच की माइकच्या एक्सएलआर जोडणीस खटका असतो, यूएसबीच्या नेहमीच्या जोडणीस तो नसतो. केबलचा एक वेढा टेबलाच्या पायाला चिकटपट्टीने बांधावा.

यंदा आम्ही आदल्या दुपारी सबंध कार्यक्रमाच्या अवधीएवढी चाचणी घेतली : वाय-फाय बंद, बफर ५१२, ऊर्जाबचत बंद, आणि मध्येच मुद्दाम चार्जर काढून. ध्वनियंत्रणेमागे तोच विद्यार्थी होता. समितीच्या इतिवृत्तातील गतवर्षीची नोंद मात्र अद्याप तशीच आहे. ती दुरुस्त करण्याचा प्रस्ताव पुढील बैठकीपुढे ठेवला आहे.