धान आमचा, भाव कुणाचा?

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला बाजारपेठ शिकवायची म्हटलं की पुस्तकं हमखास साबण, टूथपेस्ट आणि मोबाइलची उदाहरणं देतात. गोंदियाच्या पोरानं ती का घोकावीत? त्याच्या बापानं बांधीत पिकवलेला धान कुठं गेला, कुणी घेतला, काय भावानं घेतला आणि तोच भाव का पडला, एवढा माग काढला तरी अर्धा अभ्यासक्रम घरच्या घरी होतो. हा माग तसा लांबलचक आहे. सुरुवात रेल्वेपासून करू, कारण गोंदिया हे गाव बाजारपेठ झालं ते रेल्वेमुळं.

१८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर-छत्तीसगड रेल्वे इथून पुढं राजनांदगावपर्यंत गेली. पुढं बंगाल-नागपूर रेल्वेनं ती ताब्यात घेऊन रुंद केली आणि हावड्याकडं नेली. १९०३ ते १९०५ च्या दरम्यान बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडं छोटी लाइन निघाली, त्यानंतर नागभीड-चांद्याकडं दुसरी. चारी बाजूंचा माल एका फलाटावर येऊ लागला. त्याआधी इथला धान पायली-कुडव-खंडीत मोजला जाई. त्यातला बराचसा गावातच मजुरीत, बलुत्यात आणि सावकाराच्या व्याजात जिरे. उरलेला बैलगाडी जाईल तिथवरच विकला जाई. रेल्वे आली आणि त्याच धानाला कलकत्ता, मुंबई, जबलपूर अशी गिऱ्हाइकं मिळाली. धान बदलला नव्हता, पण योग्य जागी पोचल्यानं त्याचं मोल वाढलं. पुस्तकात याला स्थल-उपयोगिता म्हणतात.

वेळेलाही मोल असतं, हे मात्र शेतकऱ्याला वेगळ्या वाटेनं कळलं. दिवाळीनंतर सगळ्यांचीच मळणी एकदम होते, बाजारात धानच धान होतो आणि भाव पडतो. आषाढात कोठी रिकामी झाली की तोच भाव वर जातो. पुरवठा आणि मागणीचा हा नियम झाडीपट्टीतल्या कुठल्याही म्हातारीला ठाऊक आहे. तरी लोक दिवाळीतच विकत, कारण सावकाराची तारीख आषाढापर्यंत थांबत नसे. थांबण्याची ऐपत असलेला व्यापारी तो धान घेऊन गोदामात भरी. भावातला फरक त्याच्या पदरात पडे तो या ऐपतीमुळं. त्याला नुसतं लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण थांबायला भांडवल लागतं आणि त्या भांडवलाला व्याज लागतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

याच फलाटावरून आणखी एक माल जात होता, तो म्हणजे विडी. आसपासच्या जंगलातली तेंदूची पानं, गुजरातहून आलेली व्यापारी कुटुंबं आणि घरोघरी विड्या वळणारे हात, यांवर गोंदिया, भंडारा, जबलपूर ही विडीची केंद्रं झाली. गोंदियाचे मनोहरभाई पटेल याच धंद्यातून पुढं आले आणि १९५८ साली त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. विडी आणि धान शेजारी ठेवून पाहिले की विपणनाचा पहिला मोठा धडा दिसतो. विडीच्या कट्ट्यावर कागदी लेबल असे, लेबलावर चित्र, छाप, मालकाचं नाव. अक्षर न येणारा मजूरही चित्र दाखवून तीच विडी मागे, आणि दुकानदारानं दुसरी पुढं केली तर परत करी. धानाच्या पोत्यावर काहीच नसे. ते पोतं कुणाच्याही पोत्याशी बदलून घेता येई. म्हणून विडीचा भाव कारखानदार सांगे, आणि धानाचा भाव बाजार सांगे.

अमेरिकेतले प्राध्यापक जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली विपणनाची चार अंगं मांडली. वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी. आजही पहिल्या तासाला हीच चार शिकवतात. विडी कारखानदाराच्या मुठीत चारही होती. धानवाल्याकडं पहिलंच तेवढं होतं. बाकीची तीन कुणाकुणाकडं गेली, याचा मागोवा म्हणजेच या जिल्ह्याच्या बाजाराचा इतिहास, असं माझं मत आहे.

ठिकाण आधी व्यापाऱ्याकडं होतं, मग ते कायद्याकडं गेलं. आपल्या देशातला पहिला नियंत्रित बाजार वऱ्हाडातल्या कारंज्याचा, १८८६ चा, कापसासाठी काढलेला. धानपट्ट्याला नियंत्रित बाजार यायला बराच काळ जावा लागला. १९६३ चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायदा आला आणि बाजार समित्यांचं आज दिसणारं रूप ठरलं. उघडा लिलाव, परवानाधारक अडत्या, शिक्का मारलेला काटा, मापारी आणि हमालीचे ठरलेले दर. हातरुमालाखाली बोटं दाबून सौदा करण्याची पद्धत मोडणं ही त्यातली खरी कमाई. दहा खरेदीदार समोरासमोर बोली लावतात तेव्हा भाव सगळ्यांना कळतो. भावाची माहिती सर्वांना सारखी असणं ही चांगल्या बाजाराची अटच आहे. गोम अशी की लिलावाला दहा लोक हवेत. दोघंच आले आणि दोघांचं सकाळीच चहावर ठरलं असेल, तर काटा कितीही खरा असला तरी उपयोग नाही.

किंमत सरकारकडं गेली ती १९६५ नंतर. त्या वर्षी जानेवारीत कृषी मूल्य आयोग नेमला गेला आणि त्याच महिन्यात भारतीय अन्न महामंडळ सुरू झालं. दुष्काळाचे आणि परदेशी गव्हाच्या बोटींवर डोळे लावण्याचे ते दिवस. धान-तांदळाच्या हालचालीवर बंधनं, गिरणीवाल्यांवर लेव्ही म्हणजे सरकारला सक्तीनं द्यायचा तांदूळ, असं बरंच काही त्या काळात झालं. तांदळाची लेव्ही २०१५ च्या ऑक्टोबरपासून गेली. आधारभूत किंमत मात्र ठाण मांडून बसली. २०१४-१५ ला साधारण धानाला क्विंटलमागं १३६० रुपये होते, २०१८-१९ ला १७५०, २०२५-२६ ला २३६९.

आज जिल्ह्यात ही खरेदी दोन हातांनी होते. एक पणन महासंघ, दुसरं आदिवासी विकास महामंडळ. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव भागात महामंडळाच्या वतीनं आदिवासी सहकारी संस्था केंद्रं चालवतात. डिसेंबरातलं एखादं केंद्र पाहण्यासारखं असतं. आवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ताडपत्रीखाली ढिगारे, सातबारा आणि आधार कार्डाच्या झेरॉक्सची पिशवी गळ्यात अडकवलेले लोक. ग्रेडर मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो. १७ टक्क्यांच्या आत असेल तर पोतं पुढं सरकतं, वर असेल तर धान पुन्हा उन्हात. चाळीस किलोचा कट्टा भरून शिवला जातो. मध्येच बारदाना संपतो आणि सगळं ठप्प होतं. मग धान भरडाईसाठी गिरणीत जातो. क्विंटलभर धानामागं गिरणीवाल्यानं सरकारला ६७ किलो तांदूळ द्यायचा, उष्णा म्हणजे उकडा असेल तर ६८. आणि शेतकरी खात्यात चुकारा कधी जमा होतो याची वाट पाहतो. चुकारे थकले ही बातमी इथल्या वर्तमानपत्रांत दर हंगामात सणासारखी येते.

या व्यवस्थेनं शेतकऱ्याला मोठा आधार दिला, यात शंका नाही. व्यापाऱ्याला आता हमीभावाच्या फार खाली जाताना दहा वेळा विचार करावा लागतो. पण बाजाराच्या भाषेत ही एकाच खरेदीदाराची, म्हणजे सरकारची, पेठ आहे. खरेदीदाराला एवढंच हवं की दाणा कोरडा असावा आणि भेसळ नसावी. चव, वास, शिजल्यावर मोकळा होणं यांची त्याला फिकीर नाही. अ दर्जाला साध्या धानापेक्षा क्विंटलमागं वीस रुपये जास्त, दर्जाची बक्षिशी एवढीच. मग शेतकरी शहाणा असेल तर जास्त उतारा देणारा जाडा धान लावेल आणि खायला घरापुरता बारीक. बहुतेक जण तेच करतात. आणि ते चुकतात असं कुणी म्हणू नये, कारण त्यांचं गिऱ्हाईक जे मागतं तेच ते पिकवतात.

भाव सरकारचा असला तरी बाजार मरत नाही. तो सीमेवर जाऊन उभा राहतो. छत्तीसगडनं २०१८ पासून क्विंटलला २५०० आणि २०२३ पासून ३१०० रुपये द्यायला सुरुवात केली. देवरीपासून ते राज्य हाकेच्या अंतरावर. पाणी उताराला धावतं तसा धान चढ्या भावाकडं धावतो. म्हणून हंगाम आला की तिकडचं प्रशासन सीमेवर नाके बसवतं, बाहेरचा धान आत येऊ नये म्हणून. एका जागी स्वस्त घेऊन दुसरीकडं चढ्या भावानं विकण्याला अर्थशास्त्रात अंतरपणन (आर्बिट्राज) म्हणतात. ट्रकवाल्याला हा शब्द ठाऊक नाही, पण दर ठाऊक असतो.

महाराष्ट्रानं क्विंटलमागं बोनस देऊन पाहिला. २०२०-२१ ला तो ७०० रुपयांपर्यंत गेला. पण क्विंटलवर बोनस म्हटलं की दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपला धान खपवणारे निर्माण होतात. मग २०२२-२३ पासून तो हेक्टरवर आला. आधी १५ हजार, पुढच्या वर्षी २० हजार, तोही दोन हेक्टरपर्यंतच. गणित मांडून पाहा. हेक्टरी ४० क्विंटल काढणाऱ्याला २० हजारांचा क्विंटलमागं भाग येतो ५०० रुपये, आणि २५ क्विंटल काढणाऱ्याला ८००. म्हणजे हा भाव उरलेलाच नाही, ती जमिनीवर दिलेली मदत झाली. मला ती मंजूर आहे, लहान शेतकऱ्याला तिचा जास्त उपयोग होतो. पण बोनस वाढला म्हणजे धानाचा भाव वाढला, असं म्हणण्याची सवय आता सोडायला हवी.

उरली प्रसिद्धी, आणि तिची सगळ्यात बोलकी गोष्ट गोंदिया-चांदा लाइनवरच घडली. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक, शिक्षण जेमतेम. १९८० च्या दशकात पटेल-३ या वाणाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडून लावल्या. दाणा बारीक, शिजायला मऊ, चवीला सरस. बियाणं हातोहात पसरलं. बाजारात आल्यावर त्याला नाव हवं होतं. त्या काळी मनगटावर एचएमटीचं घड्याळ म्हणजे मान होता, म्हणून व्यापाऱ्यानं धानालाही तेच नाव ठेवलं. विपणनाच्या दृष्टीनं हे नाव अस्सल होतं. छोटं, ओळखीचं, खात्रीचा वास असलेलं. नाव लागलं आणि तांदूळ विदर्भाबाहेर पोचला. पुढं कृषी विद्यापीठानं पीकेव्ही एचएमटी या नावानं वाण प्रसारित केला. दादाजींच्या वाट्याला पैसा आला नाही. २०१० साली फोर्ब्सनं ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, सत्कार झाले, आणि २०१८ च्या जूनमध्ये ते गेले ते हलाखीतच. वस्तू घडवणारा एक, तिला नाव देणारा दुसरा, आणि नावावर कमावणारे तिसरेच. पहिल्या वर्षाच्या पोरांना ब्रँड शिकवायला याहून जवळचं उदाहरण मला सापडलेलं नाही.

शेजारच्या बालाघाटनं या बाबतीत एक पाऊल टाकलं. २०२१ मध्ये बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं. वास येणारा हा धान वाघ नदीच्या अलीकडं, गोंदियाच्या बाजूलाही पिकत आला आहे. मानांकनानं भाव आपोआप वाढत नाही, पण निदान नाव तरी गावाच्या मालकीचं राहतं. नागपूरच्या किराणा दुकानात गोंदियात भरडलेल्या तांदळाची पिशवी उचलून पाहा. पुढं फूल किंवा देवीचं चित्र, मोठ्या अक्षरात गिरणीचा छाप, खाली एचएमटी किंवा जय श्रीराम असं वाणाचं नाव. कुठल्या शिवारातला, याचा पत्ता नाही.

ठिकाणाचा एक धागा देशाबाहेरही जातो, म्हणून निर्यातीचं थोडक्यात. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, पुढच्याच महिन्यात उष्ण्यावर २० टक्के शुल्क बसलं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही उठलं. दिल्लीतल्या एका अधिसूचनेनं आफ्रिकेतलं गिऱ्हाईक वर्षभर थायलंड-व्हिएतनामकडं जातं, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत आणायला किंमत पाडावी लागते.

चारही अंगं आपल्या हातात घेण्याचा प्रयत्न या जिल्ह्यात झाला तो धानात झाला नाही, तो तेंदूत झाला. १९६९ च्या कायद्यानं तेंदूपानांचा व्यापार राज्याच्या ताब्यात होता. वन विभाग जंगलाचे घटक पाडून त्यांचा लिलाव करी, कंत्राटदार घेई, आणि गावकरी उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन सत्तर पानांचा पुडा बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर देई. ठरलेल्या मजुरीपलीकडं त्याचा भावाशी संबंध नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्यानं पानांची मालकी गावाची ठरली. २०१३ च्या हंगामात गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी विदर्भ निसर्ग संरक्षण संस्थेच्या मदतीनं एकत्र येऊन आपली पानं आपणच विकायचं ठरवलं. एकेका गावाचा माल थोडा, त्यासाठी बाहेरचा व्यापारी कशाला येईल? म्हणून गावांनी माल एकत्र दाखवला. जाहिरात दिली, निविदा मागवल्या, प्रमाण गोणीचा दर ठरवला, आगाऊ रक्कम किती आणि उरलेली कधी हे करारात लिहून घेतलं. पानं तीच, जंगल तेच, पण विकणारा आता गाव होता. पुढं काही हंगाम चांगले गेले, काहींत खरेदीदार रोडावले आणि दर पडले, जसं कुठल्याही धंद्यात होतं. विक्रेता झाल्यावर विक्रेत्याची कागदपत्रंही आली. पॅन, बँक खातं, हिशेबाच्या वह्या, आणि २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा तेंदूपानांवर १८ टक्के कर. तो सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. त्यामुळं त्यानंतरच्या निविदांत खरेदीदाराची वाचलेली ही रक्कम दरात किती उतरते, हे ग्रामसभांना घासाघीस करूनच ठरवावं लागेल.