टर्की आणि कोंबड्या: अंगण एक, खुराडी दोन

जुलै महिना लागला की आपल्या धर्मग्रामातील काही घरांत नाताळाच्या टर्कीची बोलणी सुरू होतात. अंगावर मांस धरायला टर्कीला पाचएक महिने लागतात, तेव्हा हा हिशेब बरोबरच आहे. घरी दहाबारा गावठी कोंबड्या असतातच. खुराडे आहे, परसू आहे, कणी-कोंडा आहे. त्यात दोनचार टर्की सहज खपून जातील असे कोणालाही वाटेल. पुढे गणपतीच्या सुमारास एकेक पिल्लू मान टाकू लागते आणि मिस्सानंतर मला प्रश्न येतो, "फादर, कोंबड्या तर ठणठणीत आहेत. मग टर्कीच कशी मेली?"

ह्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. कोंबड्या ठणठणीत दिसतात, म्हणूनच टर्की मरते.

ह्या रोगाला इंग्रजीत 'ब्लॅकहेड', म्हणजे 'काळे डोके' म्हणतात. नाव फसवे आहे, कारण पुष्कळ पक्ष्यांचे डोके काळे पडतच नाही. खरी खूण शिटेत दिसते. ती गंधकासारखी पिवळीजर्द आणि पातळ होते. पक्षी पंख सोडून, पिसे फुलवून, डोळे मिटून एका कोपऱ्यात उभा राहतो. खाणे सोडतो आणि काही दिवसांत मरतो. कापून पाहिल्यास काळजावर चपटे, मध्ये खोलगट असे गोल चट्टे आढळतात. आतड्याला शेवटी ज्या दोन बंद पिशव्या असतात त्या सुजून जाड होतात व आत पनीरासारखा घट्ट गोळा सापडतो. काळजावरचे चट्टे आणि हा गोळा दोन्ही दिसले, तर जाणकार पशुवैद्याला सहसा शंका उरत नाही. तीन ते बारा आठवड्यांच्या पिल्लांना हा रोग फार झपाट्याने नेतो. कळपात शिरला तर शंभरातील ऐंशी-नव्वदसुद्धा जातात. मोठी टर्कीही सुटते असे नाही. माणसाला मात्र तो होत नाही.

रोगाचा जंतू डोळ्यांना न दिसणारा, एकपेशीय आहे. उघड्यावर तो काही तासांतच मरतो. असा नाजूक जंतू वर्षानुवर्षे अंगणात टिकतो कसा? तो कोंबडीच्या पोटातील एका बारीक जंताच्या अंड्यात लपतो. त्या जंताचे नाव हेटेराकिस, लांबी जेमतेम अर्धा इंच. गावठी कोंबड्यांत तो सर्रास असतो आणि कोंबडीला त्याचा विशेष त्रास होत नाही. त्याची अंडी शिटेतून मातीत पडतात आणि मातीत दोन-तीन वर्षेही जिवंत राहतात. गांडुळे ती माती खातात, तेव्हा अंडी गांडुळाच्या पोटात जाऊन साठतात. टर्कीने तसे एक गांडूळ खाल्ले की काम झाले. आता आपल्या बेळगाव-खानापूरकडचा पाऊस आठवा. जुलैअखेर आणलेले पिल्लू ऑगस्ट-सप्टेंबरात नेमके नाजूक वयात असते आणि त्याच वेळी अंगणात गांडुळे वर आलेली असतात.

ही माहिती नवी नाही. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ ह्या शास्त्रज्ञाने 1895 साली ह्या रोगाचे वर्णन केले आणि 1920 साली त्याने व ग्रेबिल ह्यांनी जंताच्या अंड्यांचा संबंध दाखवून दिला. टर्की मूळची मेक्सिकोकडची. आपल्याकडे ती आली पोर्तुगीजांच्या गलबतांतून. 1612 साली गोव्याहून मुकर्रब खानाने जहांगीर बादशहासाठी ज्या अपूर्व वस्तू नेल्या, त्यांत एक टर्की होती. मानेचे रंग बदलणारा हा पक्षी पाहून बादशहाला एवढे नवल वाटले की त्याने मन्सूर ह्या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढून घेतले. पोर्तुगीज भाषेत टर्कीला 'पेरू' म्हणतात. गोव्याकडचे कोणी नाताळाला पेरू भाजायचा म्हणाले तर आपल्या माणसांनी हसू नये.

असो. आपल्याच एका वस्तीवरील एका बाईंची हकीगत सांगतो. नाव सांगत नाही. त्यांनी बचत गटातून पैसे उचलून टर्कीची सहा पिल्ले आणली. नाताळात विकून मुलाची फी भरायची, हा बेत. पिल्ले उबेला खुडूक कोंबडीखाली सोडली आणि कोंबडीनेही त्यांना आपली मानली. कोंबडीच्या पंखाखालच्या पिल्लांचा दाखला तर प्रभूनेच दिलेला, तेव्हा ह्याहून सुरक्षित जागा कोणती? पण ती माउली पिल्लांना उकिरड्यावर नेऊन उकरून दाखवी, गांडूळ चोचीने पुढे टाकी. सप्टेंबरात पाच पिल्ले गेली. कर्जाचे हप्ते मात्र राहिले. बाई म्हणत होत्या की कोणाची तरी नजर लागली. नजर लागली नव्हती. जंत लागले होते.

तेव्हा करायचे काय? माझे स्पष्ट मत असे: ज्याच्याकडे कोंबड्यांनी वर्षानुवर्षे उकरलेले एकच अंगण आहे आणि दुसरी जागा नाही, त्याने टर्कीच्या नादी लागू नये. कोंबड्याच वाढवाव्यात. ज्याच्याकडे थोडी वेगळी जागा आहे, जिथे निदान दोन-तीन वर्षे कोंबडी फिरलेली नाही, त्याने ती जाळीने बंद करून टर्कीला द्यावी. मधला मार्ग म्हणजे मचाण. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर बांबूच्या कामट्यांची किंवा तारेच्या जाळीची फरशी करावी, म्हणजे शीट खाली पडते आणि पिल्लाचा मातीशी संबंध येत नाही. पावसाळा संपेपर्यंत व पिल्ले चौदा-पंधरा आठवड्यांची होईपर्यंत ती मचाणावरच ठेवावीत. त्याच बाईंनी पुढच्या वर्षी सुपारीच्या फळ्यांचे मचाण करून घेतले, खर्च फारसा आला नाही.

खुडूक कोंबडीखाली टर्कीची अंडी उबवायला हरकत नाही. लहान चणीची गावठी कोंबडी पाचसहा अंडी झाकते. पण टर्कीच्या अंड्याला 28 दिवस लागतात, कोंबडीच्या अंड्याला 21. दोन्ही एकत्र ठेवली तर एकविसाव्या दिवशी कोंबडी आपली पिल्ले घेऊन उठते आणि टर्कीची अंडी गार पडतात. आणि पिल्ले बाहेर येताच त्याच दिवशी ती कोंबडीपासून काढून बल्बच्या उबेत ठेवावीत: पहिल्या आठवड्यात 95 अंश फॅरनहाइट, पुढे दर आठवड्यास पाच अंश कमी. टर्कीचे पिल्लू खाण्याच्या बाबतीत मंद असते. समोर दाणा असून उपाशी मरते. पाण्याच्या उथळ भांड्यात रंगीत गोट्या टाकाव्यात. त्या टोचायला जाऊन ते पाणी प्यायला शिकते. उकडलेले अंडे कुस्करून व कोवळी हिरवळ बारीक चिरून द्यावी.

खाद्याबाबत एक धोका फारसा कोणी सांगत नाही. टर्कीच्या पिल्लाला सुमारे 28 टक्के प्रथिने लागतात. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात ती विसाच्या आसपास असतात. एवढ्याने पिल्लू खुरटते, पायांत अधू होते. पण ब्रॉयलरच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवर सॅलिनोमायसिन किंवा नॅरासिन नावाचे औषध मिसळलेले असते. कोंबडीला ते चालते, टर्कीला विषासमान आहे. पोत्यावरची चिठ्ठी वाचावी. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्यावी.

औषधाच्या भरवशावर राहू नये. ह्या रोगावर पूर्वी गुणकारी ठरलेली औषधे मांसात राहणाऱ्या अंशाच्या भीतीने पुष्कळ देशांनी बंद केली. अमेरिकेतील शेवटचे औषध 2015 साली बाजारातून गेले. दुकानदार देईल ते प्रतिजैविक पाण्यात ढवळू नये. त्याने टर्की वाचत नाही आणि ते मांस आपल्याच ताटात येते. कोंबड्यांना नियमाने जंताचे औषध द्यावे, त्याचा उपयोग आहे. मात्र मोठ्या जंतांवर चालणारे पायपेराझीन हेटेराकिसवर फारसे चालत नाही, म्हणून पशुवैद्याला जंताचे नाव सांगून औषध व मात्रा विचारावी. मातीत पडलेल्या अंड्यांवर ह्या औषधाचा काही परिणाम नाही, हेही ध्यानात असावे. कोंबड्यांच्या खुराड्यात वापरलेले खोरे, झाडू आणि चपला टर्कीकडे नेऊ नयेत. मानमोडी व देवी ह्यांच्या लसी टर्कीलाही टोचून घ्याव्यात.

वयात आलेला टर्कीचा नर कोंबड्यांत सोडण्याचा मोह काहींना होतो, तो पिसारा फुलवून अंगणाला शोभा आणतो म्हणून. सात-आठ किलोचा तो पक्षी कोंबडीवर चढला तर तिची पाठ फाडतो, आणि कोंबड्याशी त्याचे जुंपले की दोघांची डोकी रक्तबंबाळ होतात. रोग नसला तरी हे कारण त्यांना वेगळे ठेवायला पुरेसे आहे.

मेलेला पक्षी नाल्यात किंवा कुत्र्यांपुढे टाकू नये. एखाददुसरा मेला तर ताजा असतानाच पिशवीत बांधून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. पण टर्की, कोंबड्या, बदके अशी सगळी एकदम मरू लागली तर हात लावू नये, उचलून कोठे नेऊही नये. दवाखान्यात वर्दी देऊन त्यांनाच बोलवावे. 2006 सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा अशाच मरतुकीने सुरुवात झाली होती. आपल्या तालुक्याच्या दवाखान्याचा फोन क्रमांक धर्मगुरू-निवासाच्या फलकावर लावला आहे.