श्रीलंकेचं दिवाळं कोरोनाने काढलं?

कोरोना आला, पर्यटन थांबलं आणि श्रीलंका बुडाली, असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. पर्यटन थांबलं हे खरंच. २०१८ मध्ये २३ लाखांवर परदेशी पर्यटक आले होते, २०२१ मध्ये दोन लाखही आले नाहीत. पण तारखा जुळवून पाहा. गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाले नोव्हेंबर २०१९ मध्ये. डिसेंबर उजाडताच मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला. टाळेबंदी लागली ती त्यानंतर, मार्च २०२० मध्ये. म्हणजे साथ आली तेव्हा तिजोरीची गळती सुरू झालेलीच होती. करवसुली जीडीपीच्या आठ टक्क्यांच्या आसपास घसरली, पतमानांकन ढासळलं आणि जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज मिळेना.

मग चीनच्या कर्जसापळ्याचं काय? हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर गेलं, म्हणून ही गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. प्रत्यक्षात परकीय कर्जात चीनचा वाटा साधारण पाचवा हिस्सा. त्याहून मोठा वाटा खुल्या बाजारात विकलेल्या डॉलर रोख्यांचा होता. शिवाय २०१७ च्या त्या करारातून आलेल्या सुमारे ११२ कोटी डॉलरनी बंदराचं कर्ज फिटलंच नाही, ते परकीय गंगाजळीत गेले.

सेंद्रिय शेतीच्या हट्टाने देश बुडाला, हेही अर्धसत्य. २०२१ मधल्या रासायनिक खतबंदीने भाताच्या पिकाने मार खाल्ला. पण डॉलरची चणचण आधीचीच.

खरी चूक हटवादीपणाची होती. रुपया दोनशेच्या आसपास धरून ठेवला, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जायचं टाळलं आणि जानेवारी २०२२ मध्ये ५० कोटी डॉलरचे रोखे वेळेवर फेडले. दोनच महिन्यांत डॉलर नसल्याने आयात अडली आणि कागदाअभावी पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या! १२ एप्रिलला परकीय कर्जफेड थांबल्याचं जाहीर झालं, जुलैत गोटाबाया देश सोडून गेले. त्याच सुमारास पेट्रोलच्या रांगांवर उपाय म्हणून क्यूआर कोड आला: मोटरसायकलला आठवड्याला चार लिटर. रांगा ओसरल्या त्यात या साध्या शिस्तीचाही वाटा होता.

‘नाणेनिधीने वाचवलं’ यातही हिशेब अपुरा आहे. त्यांचं सुमारे तीन अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं मार्च २०२३ मध्ये, तेही हप्त्याहप्त्याने. आणि नाणेनिधीच्या दारी जायची लंकेची ही सतरावी खेप. २०२२ चं ते भयानक वर्ष निघालं ते बरंचसं भारताच्या सुमारे चार अब्ज डॉलरच्या मदतीवर, म्हणजे इंधन, औषधं, धान्य यांवर.

आता लंका सावरली म्हणतात. महागाई ७० टक्क्यांवरून उतरली, २०२४ मध्ये पाच टक्के वाढही दिसली. पण तिजोरी भरली कुणी? जानेवारी २०२४ पासून मूल्यवर्धित कर १८ टक्के झाला, आणि हा कर गरीब-श्रीमंत पाहत नाही. जागतिक बँकेच्या हिशेबाने गरिबी २०१९ च्या दुप्पट, लोकसंख्येच्या जवळपास चौथ्या हिश्श्यावर गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोटाबाया आणि त्यांच्या भावांसह तेव्हाच्या अधिकाऱ्यांवर जनतेचा विश्वासघात केल्याचा ठपका ठेवला. नुकसानभरपाईचा आदेश मात्र दिला नाही.