गुदमरलेला स्टॅफ

सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाचा कफ लूपवर उचलला की मागून लांबलचक तार येते. म्हणून इंग्लंडमधल्या आमच्या प्रयोगशाळेत तो आधी पातळ करून घेतात आणि मगच प्लेटवर पसरतात. सीएफटीआर या प्रथिनात बिघाड असल्याने पेशींतून क्लोराइड आणि पाणी नीट बाहेर येत नाही. त्यामुळे कफ असा घट्ट होतो आणि जंतू त्यात वर्षानुवर्षं मुक्काम करतात.

लहान मुलांत बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस सापडतो, वय वाढलं की स्यूडोमोनास. कित्येकांत दोघेही. प्लेट हुंगायची मनाई आहे, तरी झाकण उचलताच स्यूडोमोनासचा द्राक्षांसारखा गोडसर वास येतोच.

शिकाऊ मुलांसाठी मी रक्ताच्या अगारवर दोघांच्या रेघा एकमेकींना छेदून ओढते. दुसऱ्या दिवशी स्यूडोमोनासच्या अगदी लगत स्टॅफ उगवलेला नसतो. जरा पुढे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, आणि लांबवर नेहमीच्या भरदार, पिवळसर वसाहती. मुलं भरदार वसाहतींकडे बघतात, मी त्यांना ठिपके बघायला लावते.

स्यूडोमोनास एचक्यूएनओ नावाचं रसायन सोडतो. त्याने स्टॅफची श्वसनसाखळी अडते. गुदमरलेला स्टॅफ तरीही किण्वनावर, मंदपणे तग धरतो; तेच ते ठिपके. आता टोब्रामायसिन बघा. हे औषध पेशीत शिरायला श्वसनातून तयार होणारा विद्युतदाब लागतो. तोच पडल्यामुळे औषध बाहेर राहतं. म्हणजे स्यूडोमोनासला मारायला दिलेल्या औषधापासून स्टॅफला स्यूडोमोनासच वाचवतो! सिएटलच्या संशोधकांनी 2006 साली हे दाखवून दिलं. सहवास लांबला की या खुज्या वसाहतींचे कायमस्वरूपी वाणही निवडले जातात, हेही त्यांना दिसलं.

स्यूडोमोनासही बदलतो. फुफ्फुसात मुरला की तो अल्जिनेट बनवू लागतो, वसाहती बुळबुळीत होतात, आणि असे वाण स्टॅफला कमी मारतात.

आमची औषध-संवेदनशीलता चाचणी मात्र एकेक जंतू वेगळा काढून होते. दोघे एकत्र असताना काय होईल, ते त्या अहवालातून कळत नाही, आणि मला ही मोठी उणीव वाटते. डॉक्टरांचा फोन आला की मी हे आवर्जून सांगते. खुजे ठिपके एका रात्रीत दिसतीलच असं नाही, म्हणून या रुग्णांच्या प्लेट आणखी एक दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या, कितीही गर्दी असली तरी.